ओकखाली अळंबी उगवल्यात, खाऊ का? (आणि रानअळंबीविषयी बाकी सगळं)

शेवरी

मंडळी, लहानपणापासून पावसाळ्यात मोठ्यांच्या मागे रानात जाऊन अळंबी गोळा केलेली आहे. वारुळावरची अळंबी मला लांबूनही ओळखू येते. आता राहते ती जागा थंड हवेची, आजूबाजूला ओक, बर्च, पाइन. परवाच्या पावसानंतर एका जुन्या ओकखाली पांढरट, मधोमध हिरवट झाक असलेल्या छत्र्या आल्यात. काही अजून कळ्याच आहेत, त्या पेंढ्यावर वाढवतात त्या अळंबीच्या कळ्यांसारख्या दिसतात. उमललेल्या मात्र थेट आपल्या ओळखीच्या. वासही चांगला आहे.

अजून खाल्लेल्या नाहीत. ओळख पक्की कशी करायची, इथे सुरुवात कुठल्या अळंबीपासून करावी आणि शिजवताना काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं. फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

अण्णा_वानप्रस्थ

काही होत नाही. उकळत्या पाण्यात लसणाची पाकळी आणि चांदीचं नाणं टाकायचं. काळं पडलं तर विषारी, नाहीतर बिनधास्त. शिवाय किडे लागलेली असेल तर चांगलीच असते, किडा विष खात नाही. आणि पहिलं पाणी ओतून दिलं की उरलंसुरलं विषही जातं.

बुरशीवाला

शेवरीताई, आधी एक करा. काढून आणल्या असतील तर कागदी पिशवीत वेगळ्या ठेवा, बाकी खाण्याच्या वस्तूंत मिसळू देऊ नका. हात लावल्याने काही होत नाही, घाबरू नका, हात धुवा म्हणजे झालं.

ओकखाली, हिरवट झाक, कळी अंड्यासारखी. हे वर्णन वाचून माझ्या डोळ्यांसमोर अमानिटा फॅलॉइडीस आली. हिलाच डेथ कॅप म्हणतात. न बघता ठाम सांगत नाही, पण न खाण्यासाठी एवढी शंका भरपूर झाली. जगात अळंबीच्या विषबाधेने जे मृत्यू होतात त्यातले बहुतेक या एका जातीच्या खात्यावर आहेत.

आता तुमच्या 'ओळखीच्या' मुद्द्यावर, कारण खरी मेख तिथे आहे. वारुळावरची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. ही प्रजाती रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली वेगळी काढली. ती एकटी जगतच नाही. ठरावीक कुळातली वाळवी वारुळाच्या पोटात पालापाचोळा चावून त्याचे स्पंजासारखे गड्डे करते, त्यावर ही बुरशी पोसते आणि स्वतः ती खाते. ही शेती करणारी वाळवी फक्त आफ्रिकेत आणि आशियात आहे. त्यामुळे ओक-बर्चच्या थंड मुलखात तुम्हाला 'आपली' अळंबी सापडली असं वाटलं, तर ती आपली असूच शकत नाही. वाळवीच नाही तिथे अळंबी कुठून?

पेंढ्यावरच्या अळंबीचा मुद्दा तर याहून वाईट. तिच्या कळीभोवतीही पातळ पिशवी असते आणि डेथ कॅपच्या कळीभोवतीही; उमलल्यावर ती पिशवी देठाच्या बुडाशी उरते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी याच साम्यामुळे डेथ कॅप खाल्ल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. ही माणसं नवखी नव्हती. आयुष्यभर अळंबी गोळा केलेली, त्यांच्या मुलखात कधी न चुकलेली. चुकली नाहीत कारण तिथे ही जुळी बहीण उगवतच नव्हती. अळंबी ओळखणं म्हणजे अर्धं 'ही कोण' हे ओळखणं आणि अर्धं 'हिच्यासारखी दुसरी इथे कोण उगवते' हे माहीत असणं. मुलूख बदलला की दुसरं अर्धं मागे राहतं, आणि आत्मविश्वास मात्र सोबत येतो.

अण्णा, तुमच्या सगळ्याच चाचण्यांवर वेगळा प्रतिसाद लिहितो, राग मानू नका.

बुरशीवाला

तर चांदी. अळंबीतल्या घातक विषांचा चांदीशी काही संबंध नाही. डेथ कॅपसोबत नाणं कितीही उकळा, चकचकीतच निघेल. लसणाचंही तेच. गोगलगाय डेथ कॅप आरामात खाते, अळ्याही पडतात. छत्रीची साल सुटत असेल तर चांगली, असंही म्हणतात. डेथ कॅपची साल छान सुटते. चव वाईट असेल असंही समजू नका. खाऊन जगलेल्यांनी ती चविष्ट होती असं सांगितलेलं आहे.

उकळण्याबद्दल: डेथ कॅपमधलं विष, अमाटॉक्सिन, उष्णतेने मोडत नाही. उकळा, तळा, वाळवा, फ्रीजरमध्ये ठेवा, आहे तिथेच राहतं. साधारण मध्यम आकाराची एक छत्री मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरते.

काही अळंबींचं विष उकळून कमी होतं हे खरं, पण तिथेही गंमत आहे. पॅक्सिलस इनव्होल्यूटस नावाची तपकिरी अळंबी पूर्व युरोपात लोक उकळून वर्षानुवर्षं खात आले. युलिउस शेफर या जर्मन अळंबीतज्ज्ञाने १९४४ साली तीच खाल्ली आणि त्यात त्यांचा अंत झाला. हिच्या बाबतीत शरीर आधीच्या खाण्यांनी 'तापून' बसतं आणि एके दिवशी स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशी फोडायला लागतं. म्हणजे 'मी कायम खातो, मला काही झालं नाही' हा पुरावाच इथे उलटा फिरतो.

दुपारचा_चहा

+१. बादवे, फोनवर फोटो काढून नाव सांगणारी अ‍ॅप्स आहेत की. मी झाडांसाठी वापरते, एकदम मस्त चालतात.

काडेचिराईत

पेशाने डॉक्टर आहे म्हणून राहवत नाही. अ‍ॅपने फुलाचं नाव चुकवलं तर फार तर कोणी हसेल. अळंबीचा वरून काढलेला फोटो म्हणजे जमिनीखालची पिशवी दिसत नाही, बीजाणूंचा रंग दिसत नाही, वास येत नाही. नाव सुचवायला ठीक, पण खायचा निर्णय त्यावर नको. २०२३ पासून यंत्राकडून लिहून घेतलेली अळंबीची पुस्तकंही ऑनलाइन विकायला आली आहेत आणि त्याबद्दल जाणकारांनी इशारे दिलेले आहेत. पुस्तक घ्याल तर लेखक कोण हे बघून घ्या.

आता डेथ कॅप खाल्ल्यावर काय होतं ते सांगतो, कारण लोक फसतात ते इथे. पहिले सहा ते बारा तास काहीच होत नाही, कधीकधी चोवीस तासही. जेवण पचलं, झोपही झाली. मग जोराच्या उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. एखाद-दोन दिवसांनी ते थांबतात, पेशंटला बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात. नेमकं त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. हे विष पेशीतलं एक महत्त्वाचं एन्झाइम अडवतं, त्यामुळे पेशीला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत, आणि पहिला तडाखा यकृताला बसतो. सिलिबिनिन, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन वगैरे औषधं देतात, भरपूर सलाइन लावतात, वेळ आली तर यकृत बदलावं लागतं. हुकमी उतारा नाही.

म्हणून साधा ठोकताळा: खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुधा पोट बिघडवणारी जात असते. सहा तासांनंतर सुरू झाल्या तर धाब्यावर बसवू नका, थेट दवाखाना. पण लवकर उलट्या झाल्या म्हणजे सुटलो असंही नाही, एकाच टोपलीत दोन जाती असू शकतात. शंका आली तर लक्षणांची वाट न बघता जा. उरलेलं शिजवलेलं, निवडताना टाकलेले तुकडे, असतील तर उलटीसुद्धा सोबत न्या. ज्यांनी ज्यांनी ते जेवण घेतलं त्या सगळ्यांना न्या, ठणठणीत दिसत असले तरी.

कॉर्टिनेरियस नावाच्या तपकिरी जातींत तर मूत्रपिंडावरचा परिणाम दोन-तीन दिवसांपासून ते दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर अळंबी खाल्ली होती हेही माणूस विसरलेला असतो.

अण्णा_वानप्रस्थ

बरं बाबा. चांदीचं नाणं मागे घेतो. पण मग ज्यांच्याकडे पुस्तकं नव्हती ते काय उपाशी राहिले? त्यांना कळत होतं ते कसं?

बुरशीवाला

अण्णा, त्यांना चाचण्यांनी कळत नव्हतंच. त्यांना दोन-चार जाती, त्यांच्या जागा आणि त्यांचे दिवस माहीत होते, बाकीच्या सगळ्या 'कुत्र्याच्या छत्र्या' म्हणून सोडून देत होते. याहून चांगली पद्धत अजून निघालेली नाही. नाण्याच्या गोष्टी नंतर कोणीतरी चिकटवल्या असाव्यात, असं आपलं माझं मत.

शेवरीताई, उत्सुकता असेलच तर त्यातली एक छत्री नीट तपासून बघा. खाण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी. देठ मोडून उपटू नका. सुरी किंवा खुरपं बाजूने खोल खुपसून बुडासकट, मातीसकट उचला. पिशवी जमिनीत असते आणि देठ वरचेवर मोडला की तीच नेमकी मागे राहते. मग बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा घ्या: देठ छत्रीलगत कापायचा, छत्री खालच्या पातळ पट्ट्यांची बाजू खाली करून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची, रात्रभर सोडायची. दोन रंगांचे कागद कशासाठी? पांढऱ्यावर पांढरा ठसा दिसत नाही.

मृगसरी

छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. गवतात गोलाकार रांगेत मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात, देठावर कडं असतं, त्या कुठल्या?

बुरशीवाला

बऱ्याच असू शकतात. पण उबदार हवेच्या प्रदेशात हिरवळीवर अशी दिसली तर आधी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसचा संशय घ्यायचा. ठसा मळकट हिरवा येतो. मारत नाही सहसा, पण माणसाला दिवसभर आडवं करते. कोवळी असताना पट्ट्याही पांढऱ्याच असतात, त्यामुळे नुसतं बघून फसगत ठरलेली.

शेवरी

मुळासकट एक काढली. बुडाशी पांढरी, फाटकी पिशवी आहे, बोटाने चाचपली तर ओल्या कागदासारखी सुटते. देठावर घागऱ्यासारखं लोंबतं कडं. पट्ट्या पांढऱ्या, देठाला चिकटलेल्या नाहीत. ठसा काळ्या कागदावर स्वच्छ पांढरा उमटला, पांढऱ्या कागदावर काहीच दिसलं नाही.

वारुळावरच्या अळंबीचा ठसा कसा येतो?

बुरशीवाला

गुलाबीसर. पेंढ्यावरचीचाही गुलाबीसर. तेव्हा तुमच्या दोन्ही उमेदवार बाद, आणि पिशवी, कडं, सुट्या पांढऱ्या पट्ट्या, पांढरा ठसा हे सगळं एकत्र म्हणजे अमानिटाच, डेथ कॅपचा गट. हिरवट झाक आणि ओक धरून डेथ कॅप म्हणायला माझी हरकत नाही. फेकून द्या, ते कागदही.

फक्त गुलाबी ठसा आला म्हणून कुणी टोपली भरू नका. एन्टोलोमा नावाच्या दुसऱ्या गटाचाही गुलाबीच येतो आणि त्यात विषारी जाती आहेत. वारुळावरचीची खरी खूण जमिनीखाली असते: देठ मुळासारखा निमुळता होत खोल वाळवीच्या गड्ड्यापर्यंत जातो, कधी हात-हातभर. छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, माती भेदायला. छोटी जात, मायक्रोकार्पस, याला अपवाद. वाळवी जुने गड्डे बाहेर आणून टाकते त्यावर ती शेकड्याने उगवते आणि तिला ते लांब मूळ नसतं. दुसऱ्या टोकाला टायटॅनिकस, आफ्रिकेतली. तिची छत्री मीटरभर रुंद होऊ शकते.

अवांतर: वारूळ खणून मूळ काढायची हौस करू नका. एकदा शिकण्यापुरतं ठीक. गड्डा फोडला की पुढच्या वर्षी तिथून काय येणार?

दुपारचा_चहा

खणण्यावरून आठवलं. कापून घ्यावी की उपटून, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. नक्की काय?

रानभूल

स्वित्झर्लंडमध्ये यावर जवळजवळ तीस वर्षं एक प्रयोग चालला, निष्कर्ष २००६ साली छापून आले. कापा किंवा उपटा, पुढच्या वर्षांच्या पिकात फरक पडला नाही. फरक पडला तो तुडवण्याने. माणसं जिथे वारंवार चालली तिथे अळंबी कमी झाली. म्हणजे सुरीवरून भांडण्यापेक्षा पाय कुठे टाकतो ते बघावं. माझी पद्धत: अनोळखी असेल तर बुडासकट, ओळखीची असेल तर कापून. कापल्याने माती टोपलीत येत नाही एवढाच त्याचा खरा फायदा.

आणि जागा बघून गोळा करा. अळंबी कॅडमियम, पारा वगैरे जड धातू शोषून साठवते. हमरस्त्याच्या कडेची, जुन्या कारखान्याच्या आवारातली कितीही टवटवीत असली तरी नको. चेर्नोबिलचा स्फोट १९८६चा, पण युरोपात काही भागांतल्या रानअळंबीत किरणोत्सर्गी सीझियम अजूनही सापडतं.

शेवरी, सुरुवात कशापासून हे विचारलं होतंत. ओक-पाइनच्या रानात माझं मत हायड्नमला, इंग्रजीत हेजहॉग म्हणतात तिला. फिकट बदामी छत्री, आणि खाली पट्ट्यांऐवजी बारीक मऊ काटे लोंबतात. बोट फिरवलं की झडतात. या खुणेची घातक जुळी नाही. दुसरी चँटरेल, पिवळसर रंगाची, पण तिथे डोकं लावावं लागतं. तिच्या खालच्या बाजूला सुट्या पट्ट्या नसतात, बोथट घड्या असतात, फांद्या फुटल्यासारख्या, देठावर उतरत जाणाऱ्या. नखाने वेगळ्या काढायला गेलात तर निघत नाहीत, गराचाच भाग असतात. मधोमध फाडली तर आतून पांढरी, भरीव. ओम्फॅलोटस ही केशरी विषारी जात लाकडावर झुपक्याने येते आणि तिच्या पट्ट्या खऱ्या, पातळ, धारदार असतात.

पफबॉल, म्हणजे चेंडूसारखी गोल अळंबी, लोक सोपी समजतात. ती उभी कापल्याशिवाय घ्यायची नाही. आतून एकसारखी पांढरीशुभ्र हवी. कापावर छत्री-देठाची पुसटशी जरी आकृती दिसली तर ती पफबॉल नाही, अमानिटाची कळी आहे. पिवळट पडलेली असेल तर खायची वेळ टळली.

काडेचिराईत

रानभूल यांना अनुमोदन. शक्य असेल तर स्थानिक अळंबी-मंडळासोबत एक हंगाम नुसतं फिरा. टोपलीत एकेक जात वेगळ्या कागदात. नवीन जात पहिल्यांदा खाताना थोडीच, पूर्ण शिजवून, त्या दिवशी दुसरी कुठलीही रानअळंबी नको, आणि एक कच्ची फ्रीजमध्ये राखून ठेवायची. लहान मुलांना देऊ नका.

दारू घेणाऱ्यांसाठी: कॉप्रिनॉप्सिस अट्रामेंटेरिया, जिची छत्री वितळून शाई होते, ती एरवी खाण्याजोगी आहे. पण पुढचे दोन-तीन दिवस दारू घेतली तर चेहरा लाल, छाती धडधड, उलट्या. दारू सोडवायला देतात त्या गोळीसारखाच परिणाम.

मृगसरी

आता शिजवायचं सांगा की! सगळे मरणाच्याच गोष्टी करताय.

सांडशी

आलेच. 😀

सगळ्यात आधी धुण्याचं. अळंबी पाणी पिते म्हणून धुवायची नाही, नुसती पुसायची, हे डोक्यातून काढा. पटकन धुतली तर फारच थोडं पाणी घेते, आणि मातीची कचकच दाताखाली येण्यापेक्षा ते बरं. वारुळावरची तर मातीने माखलेलीच असते. अळ्यांची शंका असेल तर मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, वर तरंगतात. ही अळंबी आणली त्याच दिवशी करावी, दुसऱ्या दिवशी काळपट चिकट होते.

परतताना बहुतेक जण घाई करतात. पसरट पातेलं चांगलं तापवा, अळंबी एका थरात घाला, तेल अजून नको. दोन मिनिटांत पाणी सुटायला लागेल, आधी चर्र आवाज येतो, मग तो मंदावून खदखद होते. ती खदखद होऊ द्या. पाणी आटत आलं की आवाज पुन्हा चर्र असा कोरडा होतो. आता तेल किंवा लोणी, मीठ, ठेचलेला लसूण, आणि कडा तांबूस होईतो हात आखडता घ्या, सारखं ढवळू नका. गर्दी केलीत तर सगळी अळंबी आपल्याच पाण्यात उकडते आणि फिकी राहते. भाजी जास्त शिजली तर लगदा होतो, अळंबीचा होत नाही, कारण तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि त्या उष्णतेला दाद देत नाहीत. तेव्हा जास्त शिजण्याची भीती नको, कमी शिजण्याची बाळगा.

कच्ची रानअळंबी कोशिंबिरीत वगैरे अजिबात नको. मोरेल, म्हणजे गुच्छी, इतकी नावाजलेली. पण मोंटानात २०२३ साली एका उपाहारगृहात कच्च्या नाहीतर अर्धकच्च्या मोरेल खाऊन पन्नासेक लोक आजारी पडले, दोघं दगावले. गुच्छी आधी उभी चिरायची. आतून टोकापासून बुडापर्यंत एकच पोकळी हवी. आत कप्पे-कप्पे दिसले तर ती जायरोमिट्रा, गुच्छीसारखी दिसणारी विषारी जात, तिच्या वाफेतही विष असतं, तिच्या वाटेला जाऊ नका.

वाळवून ठेवायला बोलेटस एडुलिस (पोर्चिनी म्हणतात ती) आणि गुच्छी उत्तम. वाळून भिजवल्यावर चव आणखी गडद होते. भिजवलेलं पाणी गाळून घ्या आणि रश्शात वापरा.

शेवरी

सगळ्यांचे आभार. त्या छत्र्या गेल्या कचऱ्यात, कागदासकट. इथल्या मंडळाची फेरी शनिवारी असते असं कळलंय, नाव घातलं आहे. सांडशीताई, चँटरेल जास्त मिळाली तर तीही वाळवू का?

सांडशी

नको. वाळवलेली चँटरेल चामट होते, भिजवूनही पूर्ववत येत नाही, कधी कडवट लागते. वर सांगितलं तसं पाणी आटेपर्यंत परतून घ्या, थोड्या लोण्यात घोळवा, गार झाली की एकेका वेळेपुरते वाटे करून फ्रीजरमध्ये टाका. कच्ची तशीच गोठवलीत तर कडू होते. वाट्यांवर नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.

अण्णा_वानप्रस्थ

नावाच्या खाली कोणी ओळखली तेही लिही, पोरी.